अंड्याला लावलेला कान

लेकीनं यंदा मागच्या खोलीत अंडी उबवायला ठेवली आहेत. थर्माकोलचं खोकं, एक पिवळा बल्ब, वाटीभर पाणी आणि सांबरा गावातल्या मैत्रिणीकडून आणलेली गावठी अंडी. झाकण उचललं की कोमट, ओलसर वास येतो. तिला तो नवा आहे. मला त्या वासापाशी फार वेळ उभं राहवत नाही, कारण खोकं तिनं नेमकं त्याच जागी ठेवलंय, जिथं पूर्वी खड्डा होता.

तो खड्डा हातमागाचा. विणणारानं काठावर बसायचं आणि आत पाय सोडून पावड्या दाबायच्या. आमची आक्का, माझी थोरली बहीण, लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी परतली आणि त्या खड्ड्यात जी बसली ती तीस वर्षं बसली. आमच्या वडगावात असे खड्डे घरोघरी होते, पण माझं कॉलेज या एकाच खड्ड्यातून वर आलं, हे मी कधी तिला बोलून दाखवलं नाही. पुढे मी सोप्यात दोन पॉवरलूम बसवले. त्यांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरता भरता तिचे कान गेले. मग एके दिवशी मी तिचा हातमागही सोडवून माळ्यावर टाकला. मागच्या खोलीत आणखी दोन पॉवरलूम घालायचे ठरले होते.

रिकाम्या खड्ड्यात तिची खुडूक कोंबडी आपणहून जाऊन बसली. आक्कानं बुट्टीत भुसा घातला, अकरा अंडी मांडली, विजेच्या कडकडाटानं नासू नयेत म्हणून धोट्याचं लोखंडी टोकही शेजारी ठेवलं. शेजारची काकू दारातून ओरडली, "आक्का, मागावर कोंबडी बसवलीस व्हय गं? किती वाराचं लुगडं विणती?"

तेवढं मात्र आक्काला बरोबर ऐकू गेलं. "तुझ्या सुनंपरास झ्याक विणती!"

कित्येक महिन्यांनी ती हसली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पिल्लं निघूस्तवर खड्डा मुजवू नको रं. एकवीस दिवस. मग काय घालायचं ते घाल." मी शब्द दिला. तिनं माझ्याकडे मागितलेलं तेवढंच.

एकोणिसाव्या दिवशी गवंड्याचा निरोप आला : उद्या सकाळी येतो, नाहीतर महिनाभर जमणार नाही. त्याच दुपारी करंट गेला. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले, आणि एरवी कधी नसते तशी शांतता पसरली. आक्का खड्ड्याच्या काठाशी बसली होती. कोंबडीखालून एक अंडं काढून तिनं कानाला लावलं, हलवलं नाही, नुसतं धरून बसली. मग ते माझ्यापुढे केलं.

"मला काय कळत न्हाय बाबा. आत बोलत्यात का बघ."

मी कान लावला. आत कुणीतरी नखाएवढ्या कशानं तरी टकटक करत होतं. थांबत होतं, पुन्हा करत होतं. मग एक बारीक चिवचिव, भिंतीपलीकडून यावी तशी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कान गेल्यापासून ती सगळं माणसाच्या तोंडावरूनच वाचायची. मी तोंड कोरडं ठेवलं.

"गप हाय गं," मी म्हणालो. दुसरं लावलं, तिसरं लावलं. "सगळी गप हायत. मागाच्या हादऱ्यानं नासली असतील."

खोटं बोलायला मला फारसा वेळ लागला नाही. शब्द मोडल्याचंही वाटलं नाही. पिल्लं निघणारच नसतील तर एकवीस दिवस कशाला मोजायचे, असा हिशेबी विचार मी तिच्या देखत केला. कोंबडी डालग्याखाली झाकली आणि बुट्टी उचलून नाल्याकडे गेलो. अंडी गरम होती. एकाच्या कवचाला आतून बारीक टवका उडालेला होता. मी परत फिरलो नाही.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात मुरूम पडला, वर खोलीभर सिमेंट. संध्याकाळी सुटलेली कोंबडी ओल्या सिमेंटवर चालत गेली आणि बरोबर मधोमध पंख पसरून बसली. आक्कानं फळी टाकून तिला उचललं, पिसांखालचं सिमेंट पदरानं पुसलं. मग म्हणाली, "नासक्या अंड्यावरनं कोंबडी आपली आपण उठती रं. ही न्हाय उठली."

तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि पुन्हा कोंबडी पाळली नाही. मरेपर्यंत माझ्या हातचा चहा घेताना ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही, कपाकडे बघायची.

ते पॉवरलूमही आता भंगारात गेले. खोली रिकामी झाली तेव्हा फरशीवर कोंबडीच्या पायांचे ठसे दिसले, तीन बोटांचे, दारापासून मधोमधपर्यंत. परतीचे नाहीत. लेकीला ते ठसे फार आवडतात. खोकं तिथंच ठेवायचं तिनं त्यामुळेच ठरवलं.

काल दुपारी ती अंडं घेऊन धावत आली. "आप्पा, आत बोलायला लागलंय! ऐका की!"

मी कान लावला. अंडं गरम होतं, तेवढंच कळलं. त्या खडखडाटानं माझेही कान केव्हाच नेलेत. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, ओठांवरून वाचून भागवतो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"येतंय का ऐकू?"

"येतंय की," मी म्हणालो.