सरळ विचारायचं इंग्रजी

परंड्याच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण सूनबाईच्या ऑफिसातलं इंग्रजी ऐकलं की माझं डोकंच फिरतं. ती पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करते. मधल्या खोलीतून दिवसभर कानावर येतं, ‘लेट्स अलाइन’, ‘सर्कल बॅक करूया’, ‘माझ्याकडं बँडविड्थ नाही’. अरे, वेळ नाही म्हणा की! ‘रिव्हर्ट’मध्येच ‘बॅक’ आलं, तरी ‘रिव्हर्ट बॅक’ ऐकलं की मी हातातला पेपर आपटतो.

यंदा कंपनीनं फर्मान काढलं, सगळ्यांनी पुण्याला या. माझा मुलगा इथंच मास्तर, नात पहिलीत. सून गेली तर घराचे दोन तुकडे. इथूनच काम करू द्या म्हणून तिनं साहेबाला मेल केले, अन् दरवेळी उत्तर एकच, ‘लेट्स टेक इट ऑफलाइन.’

‘म्हणजे काय गं?’ मी विचारलं.

‘म्हणजे बघू, मामा.’

तिचा मेल मी वाचला. आधी साहेबाची विचारपूस, मग टीमचं कौतुक, मग पाऊसपाणी, अन् पार शेवटी, जमलं तर बघा. मला हसूच फुटलं. आमच्याकडं पाहुणा असाच येतो. चहा होतो, पिकापाण्याचं बोलणं होतं, अन् चपला घालताना म्हणतो, ‘बरं का, एक काम होतं.’ इथं सगळ्यांना ठाऊक असतं, तो त्यासाठीच आलाय. पुण्याचा साहेब तिथवर वाचतच नसणार.

‘पहिल्याच वाक्यात विचार,’ मी म्हणालो.

‘लई उद्धट वाटंल की, मामा!’

‘वाटू दे.’

दुसऱ्या दिवशी तिचा साहेबासोबत कॉल होता. मी दाराआड उभा. ती म्हणाली, ‘सर, आय वॉन्ट टू वर्क फ्रॉम परंडा. येस ऑर नो?’

स्पीकरवर साहेब म्हणाला, ‘सो, गोइंग फॉरवर्ड...’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘सर, येस ऑर नो?’

‘येस,’ साहेब म्हणाला. ‘येस, ओके.’

सून बाहेर आली. हसत होती अन् डोळे पुसत होती. ‘मामा, मी इथंच राहणार!’

सासऱ्यानं सुनेशी असलं बोलायची आमच्यात रीत न्हाय. तरी म्हणालो, ‘बरं झालं बाई. तू गेली असतीस तर मला या घरात करमलं नसतं.’

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली,

‘व्हय? मग इतके दिवस सांगायचं की, मामा!’