बारा दारं, एक नळ

समस्त जनतेस, आणि विशेषतः ज्यांनी सकाळी नळावर घागर घेऊन पाळीची वाट पाहिली आहे त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की माझ्या सासूबाईंनी, पूर्ण शुद्धीत असताना, सलग नऊ दिवस देवीच्या नावावर सरकारी नळाचं पाणी भरलं. देवीवर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. हा गुन्हा असेल तर त्यात मीही सामील होते, कारण दुसरी घागर माझ्या कमरेवर होती. ज्यांना तक्रार करायची असेल त्यांनी खुशाल करावी. सासूबाई आता नाहीत, पण मी आहे, आणि माझा आवाज अजून चांगला लागतो.

आज आम्ही भिलाईच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरात राहतो. स्वयंपाकघरात एक नळ, न्हाणीत एक, मागच्या अंगणात एक. त्यामुळे माझ्या मुलांना ही गोष्ट खोटी वाटते. एका नळासाठी माणसं एवढी कशी वेडी होतील, असं ती हिंदीत विचारतात. मी म्हणते, बसा, सांगते.

मी लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले तेव्हा सेक्टर नव्हते. लाल मुरूम होता, धूळ होती, लांबवर पोलाद कारखान्याचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते, आणि त्यांच्या अलीकडे कामगारांसाठी टिनाच्या खोल्यांच्या ओळी. आमच्या ओळीत बारा खोल्या. टोकाला सिमेंटचा छोटा ओटा आणि त्यावर एकुलता एक नळ. एका खोलीत लोखंडी तुळया वर चढवणारा तेलुगू रिगर, दुसरीत बिहारी वेल्डर, पुढे पंजाबी ड्रायव्हर, मधे छत्तीसगढी मजूर जोडपं. कुणाला कुणाची भाषा धड येत नव्हती, म्हणून कुणाला कुणाची जातही कळत नव्हती. नळावर एकच प्रश्न: पाळी कोणाची? गावात विहिरीपासून चार हात लांब उभ्या राहिलेल्या माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी त्या नळाला स्वतःच्या हाताने पीळ देऊन आल्या आणि घरात येऊन म्हणाल्या, "पोरी, हे गाव चांगलं हाय. इथं कोनाले काहीच समजत नाही."

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. बुटक्या, काटक, आणि चेहराभर देवीचे व्रण. लहानपणी त्यांना माता येऊन गेली होती, आणि जाताना गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा खड्डे ठेवून गेली होती. माझ्या लग्नाच्या दीड-दोन वर्षं आधी आमच्या घराने नागपूरला दीक्षा घेतली होती. त्याच दिवशी आत्याबाईंनी घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते आणि टोपली घरी परत आणली होती. टोपली चांगली होती.

आमचं सुख मोडलं ते ओळीत आमची भाषा समजणाऱ्या एकमेव माणसाने. सहाव्या खोलीतला मुकादम भंडाऱ्याकडचा. छाती रुंद, मिशी त्याहून रुंद. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या नवऱ्याला गाव विचारलं, मग आडनाव, मग गावात घर कोणत्या बाजूला ते. उत्तर ऐकून "असं का" एवढंच म्हणाला आणि ती माहिती लोणच्यासारखी मुरत ठेवली.

मग ओळीत माता आली. तिसऱ्या खोलीतल्या छत्तीसगढी जोडप्याची चार वर्षांची मुलगी तापाने फणफणली आणि तिसऱ्या दिवशी अंगभर फोड उठले. संध्याकाळी मुकादमाच्या दारासमोर सगळी ओळ जमली. त्याने कायदे सांगितले. कुणी फोडणी द्यायची नाही, मातेला तेलाचा धूर खपत नाही. मुलीच्या दाराला कडुनिंब बांधायचा. आणि जो कोणी मातेच्या घरात सेवा करील त्याची वाट अडवायची नाही, त्याला नाही म्हणायचं नाही, काही विचारायचंही नाही.

इथवर ठीक होतं. मग त्याने लोणच्याची बरणी उघडली.

"माता उगीच नाही येत," तो म्हणाला. "कोनीतरी तिले घराबाहेर काढते, तवाच ते दुसऱ्याच्या घरात घुसते." आणि आमच्या दाराकडे पाहिलं. मग तेच सगळ्यांसाठी हिंदीत सांगितलं, आणि हिंदीत थोडं वाढवून.

सगळ्या ओळीचे डोळे आमच्याकडे वळले. कालपर्यंत माझ्याकडून मीठ नेणारी वेल्डरची बायको दोन पावलं मागे सरकली. मला आजही त्या दोन पावलांचं नवल वाटतं. दुपारपर्यंत तिला आमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, आणि संध्याकाळी तिला किती मागे सरकायचं तेसुद्धा बरोबर कळलं! भीती वाटली की माणसाला आधी कारण लागतं, आणि कारणाला एक घर नंबर असला की फार बरं पडतं.

आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "नागपुराहून इथवर तिले तिकीट कोनं काढून देलं वो?"

तेलुगू रिगरला अर्धंच समजलं, तरी तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. ठरलं ते असं: माता जाईपर्यंत, आणि नंतरही, आमच्या घराने नळाला हात लावायचा नाही. मुकादमाची बायको वरून धार सोडेल, आम्ही खाली घागर धरायची.

माझा नवरा रात्रपाळीहून आला आणि ऐकून पेटला. "माय, मी साहेबाले सांगतो. कामावरचे दोन खलाशी घेऊन येतो. कोन अडवते ते पाहतो."

"तू झोप," आत्याबाई म्हणाल्या. "तुया साहेब काय रोज नळावर येऊन बसनार हाय?"

सकाळी आम्ही दोघी नळावर गेलो. मुकादमीण बादली खांद्यापर्यंत उचलून उभी होती. बाई मनाने वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. "धरा वो बाई," ती म्हणाली, आणि धार सोडली. निम्मं पाणी घागरीत, निम्मं आत्याबाईंच्या पायांवर. घागर भरली. आत्याबाईंनी ती उचलली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिरपी केली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत मुरमात ओतून टाकली.

"पानी चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "धार वाकडी हाय."

त्यानंतर दोन दिवस आम्ही जुन्या गावच्या तळ्यावरून पाणी आणलं. अर्धा कोस जायचं, अर्धा कोस यायचं. तळ्याच्या एका काठावर ट्रक मुरूम ओतत होते, म्हणजे तेही फार दिवस टिकणार नव्हतं. मी रस्ताभर मुकादमाला शिव्या घालत होते. आत्याबाई श्वास वाचवत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या खोलीतून मुलीच्या आईची हाक आली; त्यांच्या बोलीत दाई म्हणजे आई. "दाई! ओ दाई! पानी नइ हे!"

मुलीचा बाप मंत्र टाकणाऱ्या बैगाला आणायला गावी गेला होता. आई अंगावरचं तान्हं बाळ आणि तापलेली मुलगी सोडून नळावर जाऊ शकत नव्हती. मातेचं घर म्हणून दहा खोल्यांतली माणसं त्या दाराला लांबून हात जोडत होती, नारळ ठेवत होती, उदबत्त्या लावत होती. पण घोटभर पाणी आत नेऊन द्यायला कुणी जात नव्हतं. दारात पाच नारळ, आणि घरात मडकं कोरडं.

आत्याबाई उठल्या. मी त्यांचा पदर धरला.

"सोड. माया तोंडावर सही करून गेली हाय ते. दोनदा नाही येत."

त्या आत गेल्या. मुलीजवळ बसल्या, ओठ ओले केले, तान्ह्याला दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं. एक जुनं लुगडं त्या घरासाठीच ठेवलं. तिथून निघताना ते तिथेच सोडायचं आणि हात राखेने खसखसून धुवायचे. आणि फोडणी? फोडणी आम्हीही दिली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिच्या मायले बरं वाटते ना? मंग नाही देत. कोनी सांगतलं म्हनून नाही."

मग त्यांनी दारावरच्या कडुनिंबाची एक डहाळी तोडली, रिकामी घागर उचलली आणि ऐन गर्दीच्या वेळी नळाकडे निघाल्या. मी मागे. नाटकात राजा आल्यावर वळतात तशा नळावरच्या सगळ्या माना वळल्या.

"अवो, तुमी?" मुकादमीण म्हणाली.

"मातेच्या घरून आली," आत्याबाईंनी डहाळी जराशी हलवली. "अडवता का?"

काय करणार! कायदा तिच्याच नवऱ्याचा. मुकादम ओट्यापासून बाजूला झाला. रांग दुभंगली. आत्याबाईंनी ओट्यावर पाय ठेवला, स्वतःच्या हाताने नळ सोडला, घागर भरली. मग मागे वळून मला म्हणाल्या, "आन तुयी."

"हे कोनाची?" मुकादमाने शेवटी विचारलं.

"मातेच्या घरी काम करनारीले तान लागत नाही का वो मुकादम?"

नऊ दिवस! रोज सकाळ-संध्याकाळ! मी तर तिसऱ्या दिवसापासून घागर घासून चकचकीत करून नेत होते, मिरवणुकीला निघाल्यासारखी. पाचव्या दिवशी वेल्डरची बायको, तीच दोन पावलंवाली, धावत आली आणि वाकून आत्याबाईंच्या पाया पडली. मला हसू आवरेना. आत्याबाई मात्र घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"काल बाटवनारी, आज देवी," त्या म्हणाल्या. "मधात एक दिवस मानूस बनून पाहू देत नाहीत."

मुलगी वाचली. खपल्या पडू लागल्या, ती भात मागू लागली. सगळी ओळ खूश, आणि नवव्या संध्याकाळी मुकादमाने जाहीर केलं, "उद्या माता जाईन. मंग ज्याचं त्याचं पयल्यासारखं." बोलताना त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. आमचा परवाना मातेबरोबर संपणार होता.

दहाव्या सकाळी जीप आली. लस टोचायला एक कंपाउंडर, त्याचं टेबल, खुर्ची आणि स्पिरिटची बाटली. त्याने टेबल मांडलं ते नेमकं नळाच्या ओट्याशेजारी, हात धुवायला पाणी हवं म्हणून. आणि काय सांगू, बारा दारांपैकी दहा दारं धाडकन बंद! मातेला ज्यांनी इतके दिवस दारात सहन केलं, ते सुईला घाबरले. फटींमधून कुजबुज सुरू होती: टोचून रक्त काढतात, ते बाटलीत भरून मोठ्या भट्टीत ओततात, त्याशिवाय लोखंड लाल होत नाही. आता हे लोक स्वतः ती भट्टी बांधत होते! वीट वीट त्यांच्या हातची! तरीही.

माझ्या डोक्यात एक झकास कल्पना आली. मी आत्याबाईंच्या कानात म्हणाले, "सगळे दारामांगं हायेत, आता नळ आपल्या हातात हाय. टोचून घेतल्याबिगर पानीच नाही द्याचं. पाहू दे त्यायले बी कसं लागते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं.

"पानी अडवाचं काम त्यायचं हाय," त्या म्हणाल्या. "आपलं नाही."

आणि त्यांनी नळ पूर्ण सोडून दिला. पाणी ओट्यावरून वाहू लागलं. त्या काठावर लोटा घेऊन बसल्या. पहिली आली ती तिसऱ्या खोलीतली आई, तान्ह्याला घेऊन, कारण आत्याबाई तिथे बसल्या होत्या. बाळ रडलं, आत्याबाईंनी त्याचं तोंड पुसलं. मग मी बाही वर करून शाळेत टोचल्याची जुनी खूण सगळ्यांना दाखवत ओळीभर फिरले, हात गारुड्यासारखा नाचवत. "पाहा! रक्त हाय का कमी? भट्टी पेटली का मायाकडून?" तेलुगू रिगर हसत बाहेर आला. मग ड्रायव्हर. मग वेल्डरची बायको. तासाभरात रांग लागली, आणि दार बंद राहिलं ते एकट्या मुकादमाचं.

तिसऱ्या खोलीतली आई मोठ्याने म्हणाली, "मुकादम डरागे का?"

ओळ फिस्सकन हसली. दार उघडलं. मुकादम आला, मिशीला पीळ देऊन, मागे बायको. खुर्चीत बसला, बाही वर केली. कंपाउंडरने ते यंत्र उचललं, दांड्याच्या टोकाला बारीक दातांची चकती असलेलं, आणि ते मनगटातल्या मनगटात फिरवून पाहिलं. मुकादमाने ते पाहिलं. त्याचे डोळे वर गेले, आणि तो रुंद छातीचा माणूस खुर्चीतून घसरत थेट नळाच्या ओट्याला पाठ लावून बसला, मान एका बाजूला.

"पानी! पानी!" मुकादमीण किंचाळली.

लोटा आत्याबाईंच्या हातात होता. त्या उभ्या राहिल्या. आणि मग थांबल्या. त्यांना आठवलं, मला आठवलं, सगळ्या ओळीला आठवलं. नळाचं पाणी वाहत होतं.

आत्याबाईंनी एक पाऊल मागे घेतलं. लोटा खांद्यापर्यंत उचलला, अगदी नेमून दिलेल्या उंचीपर्यंत, आणि कुठेही शिवाशिव न होता वरून धार सोडली. थोडं मुकादमाच्या नाकात गेलं, थोडं मिशीत, बाकीचं कॉलरमधून आत. तोंडात थेंब नाही. तो ठसकला, पुन्हा मान टाकली. आत्याबाईंनी गंभीर चेहऱ्याने लोटा परत भरला, परत खांद्यापर्यंत उचलला.

तेवढ्यात बारा दारांना ऐकू जाईल अशा आवाजात मुकादमीण ओरडली, "दुरून कावून ओतून राहिल्या वो बाई? डोक्सं धरा यायचं, अन् तोंडाले लावा ना लोटा!"