कुंपणापलीकडचं माहेर

दोन बायका भेटल्या आणि बाळंतपणाचा विषय निघाला, की चहावर साय धरलीच म्हणून समजा! प्रत्येकीकडे साठा असतो. माझं तर एकच बाळंतपण, पण त्याचे किस्से इतके, की लेक विचारते, "आई, मी एकदाच जन्मले ना गं?"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी ठाण्याहून लग्न होऊन निर्मळला आलेली. सासरी केळीची आणि फुलांची वाडी. दुपारी आमच्या पडवीत गल्लीतल्या बायका गजरे करायला बसायच्या. त्या आपल्या बोलीत बोलायच्या, मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. इथं आपल्या भाषेत सांगते.

*

सातवा सरला तशी एकीनं विचारलं, "माहेरी कधी जाणार गं?"

सगळ्यांचे हात थांबले. माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणातच गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारणारी विसरली बिचारी. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत! आणि मी आतून पार घाबरलेली. आईसारखंच माझं झालं तर? हे कुणाजवळ बोलायचीही चोरी.

तेवढ्यात शेजारच्या आनामावशी म्हणाल्या, "आमचं घर काय वाईट आहे? माझ्याकडे पाठवा!" मावशी ख्रिश्चन, मूलबाळ नाही, घर आमच्या कुंपणाला लागून.

सासूबाईंनी जरा विचार केला. "पाठवीन. पण ओटी भरून, व्यवस्थित पाठवीन. माहेर म्हणजे माहेर!"

मग काय, चांगला दिवस बघून निघाले. आमचे हे ट्रंक घेऊन पुढे, मी मागे. सासूबाई दारात उभ्या राहून चक्क रडल्या. मी मावशींकडे टेकते न टेकते तोच कुंपणावरून हाक आली, "अगं, किसणी कुठे ठेवलीस?"

*

पण एकदा माहेर ठरल्यावर मावशींचे यजमान पास्कूकाका आमच्या ह्यांना जावई मानायला लागले. कामावरून आल्यावर हे घरी चहा प्यायचे, मग शर्ट बदलून 'सासुरवाडीला' यायचे. तिथं फुलाफुलांच्या कपबशीत दुसरा चहा, वर नानकटाई.

एकदा हे पाटावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, भात कमी वाढ, तिकडे जेवायला बोलावलंय."

सासूबाई भडकल्या. "बोलावलंय म्हणे! तिकडे खोकलास तर मला इथं ऐकू येतं, आणि हा पाहुणा!"

*

मला एकच प्रश्न पडलेला. सुरुवात झाली, हे ओळखायचं कसं? दिसेल तिला विचारायची. एक म्हणाली, "कंबर धरते." दुसरी म्हणाली, "मला तर वाटलं, वाटाण्याची उसळ बाधली!" तिसरी नुसतीच हसली, तिचा मला फार राग आला.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बाबतीत विचारशील, तर मला एकदम घर झाडावंसं वाटलं. कोपरान् कोपरा!"

झालं! त्या दिवसापासून सगळ्या गल्लीची नजर माझ्या हातावर. एकदा मावशी बाजारात गेल्या होत्या, मी सहज केरसुणी घेतली. पलीकडून सासूबाईंनी पाहिलं. मी 'अहो, अहो' करतेय तोवर टांगा दारात! माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "काही नाही. घरात केर झाला होता, एवढंच."

*

बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. नवं झबलं नाही, खुळखुळा नाही. जुन्या लुगड्यांची दुपटी तेवढी शिवायची. "आधी बाळ, मग बाजार!"

पास्कूकाकांना कुठला दम निघतोय? माळ्यावर त्यांचा स्वतःचा लहानपणचा पाळणा होता. तो काढून, साखळ्यांना तेल घालून, त्यांनी तुळईला टांगला आणि लागले झोके द्यायला!

कुंपणावरून सासूबाई ओरडल्या, "अहो, रिकामा पाळणा हलवू नये!"

काकांनी खाली वाकून पाळण्यात बघितलं. "रिकामा कुठे? भोपळा निजलाय!"

खरंच, आत दुपट्यात गुंडाळलेला लाल भोपळा होता. काका वजन तपासत होते.

*

शेवटी खरा दिवस उजाडला. केरसुणी नाही, उसळ नाही, काही नाही. मोगरा ओवता ओवता माझ्या हातातला दोराच सुटला. मावशींनी नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि काकांना टांगा आणायला पिटाळलं.

सासूबाई कुंपणाशी आल्या. मी म्हटलं, "तुम्हीपण चला ना."

"मी कशी येऊ? निरोप आल्याशिवाय सासरच्यांनी जायचं नसतं. आणि त्यात घाबरायचं काय? वाडीतली केळ नाही का वीत? घड टाकते नि मोकळी होते!" असं म्हणून त्या घरात गेल्या. मला इतकं वाईट वाटलं! टांग्यात मी मावशींचा हात घट्ट धरून रडले.

दुपार गेली, संध्याकाळ झाली. मध्ये काहीतरी अडलं. डॉक्टरीणबाई बोलेनाशा झाल्या, तेव्हा मी मनातल्या मनात आईला हाका मारत होते. मग एकदम रडणं ऐकू आलं, बाळाचं आणि माझंही! मुलगी. दोघी सुखरूप.

सासरी निरोप धाडायला मावशी काकांना शोधत दवाखान्याबाहेर आल्या. शेजारीच चर्च. त्याच्या पायऱ्या उतरत एक बाई येत होत्या, पायांत चपला नाहीत, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. मावशी बघतच राहिल्या.

"वहिनी! तुम्ही?"

सासूबाईंनी आधी मावशींचा चेहरा निरखला.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत," मावशी म्हणाल्या.

सासूबाई मटकन पायरीवरच बसल्या. बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिल्या. दिवेलागण कधीच होऊन गेली होती, रस्त्यावर चांगला काळोख होता.

"ऊन काय कडक हो आज, आनाबाई!" त्या म्हणाल्या. "म्हटलं, जरा आत सावलीला टेकावं."