क्षम् धातू आणि चौदावं ‘होय म्हाराजा’

मी मुलुंडला घरी संस्कृतचे क्लास घेते. नववी-दहावीची मुलं येतात. ती काही काव्याच्या ओढीने येत नाहीत, मार्क पैकीच्या पैकी मिळतात म्हणून येतात. आईबाप तर दारातच विचारतात, “मिस, स्कोरिंग आहे ना?” मी म्हणते, आहे. देवांची भाषा आहे, मार्क द्यायला त्यांचं काय जातंय?

सगळ्या धातूंमध्ये मला शिकवायला आवडतो तो क्षम्. मुलांना वाटतं, सोप्पा आहे, क्षम् म्हणजे माफ करणे. मग मी त्यांना जुनी धातूंची यादी उघडून दाखवते. क्षम् तिथे दोनदा आलाय. पहिल्या गणात क्षमते, चौथ्या गणात क्षाम्यति. आणि दोन्हीकडे अर्थ एकच दिलाय: सहन करणे. माफीचं नावसुद्धा नाही. ज्याला सहन होतं, झेपतं, तो क्षम, म्हणजे समर्थ. त्यावरून क्षमता आली, कार्यक्षम आला आणि प्रत्येक सरकारी फॉर्मच्या तळाशी बसलेला तो सक्षम अधिकारी आला. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती आपल्यासारख्यांना अंगावर वागवते. माफी मागाहून आली, सहन करून करून दमल्यावर.

“आणि क्षमस्व?” मी विचारते. रस्ता खणून ठेवतात आणि पुढे पाटी लावतात, गैरसोयीबद्दल क्षमस्व. रूप ओळखा. आज्ञार्थ, मध्यम पुरुष, एकवचन. म्हणजे ‘तू सहन कर’. आधी खड्डा खणायचा, मग आपल्याला अरे-तुरे करून सांगायचं, की बाबा रे, सोस. वर्ग हसतो. मी हा विनोद गेली वीस वर्षं करतेय आणि वीस वर्षं त्यावर हशा घेतेय. हशा घेण्याची मला वाईट खोड आहे. तिच्यापायी मी माझं माहेर घालवून बसले होते.

माहेर म्हणजे नाहूर. तिथे माझा दादा राहतो. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, गिरणी गेली, मग आईबाबाही गेले, आणि आमचा गणपती गावाहून दादाच्या टू बीएचकेमध्ये आला. दादा ट्रॉम्बेला नोकरीत होता, आता निवृत्त आहे. मितभाषी माणूस. वर्षभरात जेवढं बोलत नाही, तेवढं तो गणपतीपुढे गाऱ्हाण्यात बोलून घेतो. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे पूजा झाल्यावर घरातला कर्ता माणूस हातात नारळ धरून देवाशी मालवणीत थेट बोलतो ते. तो एकेक मागणं मांडतो आणि बाकीचे एका सुरात म्हणतात, “होय म्हाराजा!” आधी हे बाबा घालायचे. बाबांचा आवाज गेला तसा दादाने नारळ हातात घेतला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं होतं आणि गोरेगावहून तिचे सासू-सासरे होणारे पाहुणे दर्शनाला आले होते. दादाने गाऱ्हाणं सुरू केलं. लेकीचा संसार सुखाचा होवो, होय म्हाराजा. बिल्डिंगची लिफ्ट बंद असा, ती चालू होवंदे, होय म्हाराजा. वहिनीचो गुडघो, शेजाऱ्यांच्या झिलाचो, म्हणजे मुलाचा, व्हिसा, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याची तब्येत. मी मनात मोजत होते. चौदावं ‘होय म्हाराजा’ झालं आणि माझी खोड उसळली. मी म्हणाले, “दादा, गणपती दीडच दिवसाचा आहे रे. अर्धा दिवस तुझ्या अर्जातच जाईल.”

झकास हशा झाला. गोरेगावकर तर डोळे पुसत हसले. दादाने नारळ देवापुढे ठेवला आणि म्हणाला, “झाला.” एवढंच. त्या दिवशी त्याने मला जेवताना वाढलंही नीट, पण त्यानंतर फोन केला नाही. मी केला तर वहिनी उचलायची. भाचीच्या लग्नात तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला, केटररशी बोलतात तसं. गेल्या वर्षी गणपतीला मी गेलेच नाही. क्लास आहे, असा निरोप पाठवला. चतुर्थीच्या दिवशी कोण गाढव क्लास घेतं, हे दादाला कळत नसेल असं नाही.

मला खरं तर रागही आला होता. त्यात एवढं काय म्हणून. आणि आतून, आज सांगायला लाज वाटते, मला त्या गाऱ्हाण्याचं थोडं हसूच यायचं. मंत्र ते खरे, विभक्ती-प्रत्ययांसकट. हे आपलं गावाकडचं रडगाणं, असं मी समजत होते. संस्कृत शिकल्याने माणूस शहाणा होतो, ही अफवा आहे.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी क्लासमधली एक मुलगी आली आणि वही काढायच्या आधी हात जोडून म्हणाली, “मिस, मिच्छामि दुक्कडम्.” ती घाटकोपरच्या जैन कुटुंबातली. त्यांची संवत्सरी गणपतीला अगदी खेटून येते. त्या दिवशी घरातले सगळे ओळखीच्या प्रत्येकाची माफी मागतात. खमत-खामणा म्हणतात ते त्याला. मी लगेच मास्तरीण झाले आणि सांगितलं, की बघ, खामणातला ख म्हणजे आपला क्षच, आपल्या क्षम् धातूचं प्राकृत लेकरू. तिने ते निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण मिस, तुम्ही कोणाला म्हणता?”

“आमच्यात नसतं ना तसं,” मी म्हणाले.

“मग तुम्ही करता काय?” ती म्हणाली. त्या दिवशी मी क्लास अर्धा तास आधी सोडला.

मग मी दादाला मेसेज लिहायला बसले. ‘दादा, क्षमस्व’ लिहिलं. रस्त्यावरच्या पाटीसारखं दिसायला लागलं, पुसलं. ‘सॉरी रे’ लिहिलं, ते बाजारात धक्का लागल्यावर म्हणतात तसं वाटलं. ‘माझं चुकलं’ लिहिलं आणि पाठवायच्या आधी तेही पुसलं. एका धातूची सगळ्या लकारांतली रूपं झोपेत म्हणणारी बाई मी, आणि मला भावाला पाठवायला एक वाक्य सापडेना. शेवटी मनाशी म्हटलं, दादाने या वर्षी दार लावून घेतलं तर लावून घेईल. पण मला आता दुसरं माहेर नाही. गेलं पाहिजे.

सकाळी रिक्षा केली. मुलुंड ते नाहूर, एका स्टेशनाचं अंतर. दार वहिनीने उघडलं. “येवा वन्सं,” म्हणाली आणि माझ्या हातातली मोदकांची पिशवी घट्ट धरून आत गेली, मी पळून जाईन अशी तिला भीती असावी. हॉलमध्ये भाची, जावई आणि तेच गोरेगावकर विहीण-व्याही. दादा सोवळं नेसून पाटावर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ती नमस्कारासाठी हलवली की नकारासाठी, ते कळलं नाही.

पूजा मोबाइलवरचे गुरुजी सांगत होते. मध्ये एकदा गादीची जाहिरात लागली, तेवढा वेळ दादा पळीत पाणी घेऊन थांबला. शेवटी गुरुजींनी क्षमाप्रार्थना घाईघाईत उरकली. मला मंत्र येत नाहीत, क्रिया येत नाही, भक्तीही बेताचीच, तरी गोड मानून घे, अशा अर्थाची ती प्रार्थना. खोलीत तिचा अर्थ कळणारी मी एकटी. माझ्यावर काही परिणाम झाला नाही.

आता गाऱ्हाणं, म्हणून मी सरसावून बसले. पण दादा उठला आणि धोतर सावरायला लागला.

“गाऱ्हाणं?” मी वहिनीला हळूच विचारलं.

“ता आता घालनत नाय,” ती म्हणाली. “त्या वर्सापासून. गेल्या वर्सापण नाय घातलानी.”

मला वाटत होतं, दादा माझ्यावर रुसलाय. रुसवा आज ना उद्या जातो. पण त्याने देवाशी बोलणंच सोडलं होतं. बाबांकडून आलेली ती एकच वस्तू त्याच्याकडे होती आणि मी ती एका हशासाठी मोडली होती. माझी मलाच किळस आली.

मी उठले आणि नारळ उचलला. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. शिवाय माझ्या मालवणीला वीस वर्षांचा गंज चढलेला. “बा देवा म्हाराजा,” मी सुरुवात केली. “आज हय जी काय मोडकी-तोडकी सेवा झाली, ती गोड मानून घे रे म्हाराजा.” भाची दबकत म्हणाली, “होय म्हाराजा.” “दोन वर्सांआधी हयच उभ्या ऱ्हवान मी माझ्या भावाक हसलंय. माझा चुकला. ता पोटात घाल रे म्हाराजा.”

कुणीच ‘होय’ म्हणेना. सगळे दादाकडे बघत होते. तो धोतराचं टोक हातात धरून उभा होता.

“दी हय,” तो म्हणाला. “तुका जमाचा नाय.”

त्याने नारळ घेतला, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन वर्षांचं साठलेलं होतं. लिफ्ट अजून बंदच होती. गुडघा, व्हिसा, तळमजल्यावरचा म्हातारा, भाचीला दिवस गेलेले. मी प्रत्येकाला मोठ्याने ‘होय म्हाराजा’ म्हणत होते आणि सवयीने मोजतही होते. चौदा झाले. दादा थांबला, त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला.

“आणि देवा, ह्या माझ्या भयणीक जी अक्कल दिलंस, ती ऱ्हवांदे. तेचा तोंड तेवढा आवर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” गोरेगावकर सगळ्यात मोठ्याने ओरडले. मीही ओरडले, नाक पुसत.

गणपती दीड दिवस राहिले. मी चार दिवस राहिले.