आयत्या वेळी सुचण्याची तालीम

आमच्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, जॅझमधलं सगळं कळतं, फक्त वाजवता येत नाही. पूर्वी तो एका हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. जॅझमध्ये आपली पाळी आली की जागच्या जागी सुचेल ते वाजवायचं असतं. हा पठ्ठ्या घरून पाठ करून जायचा आणि रोज तेच वाजवायचा. शेवटी वेटरसुद्धा ते शिट्टीवर वाजवायला लागले, तेव्हा बँडवाल्यांनी हात जोडले.

मग स्वारी आमच्या सोफ्यावर येऊन पडली ती उठेचना. मी भूगोलाचा मास्तर; डोक्यावर मिऱ्या वाटणाऱ्या या प्राण्याला कुठेतरी चिकटवणं भाग होतं. तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापकांना कुठल्याशा शिबिरात साक्षात्कार झाला की जॅझमधून सगळे विषय शिकवता येतात. शिक्षकांच्या मदतीला जाणकार हवा होता. मी मेहुण्याला पुढे केलं. वर्षअखेर तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर पाठ घ्यायचा. पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा आमचा सोफा.

"दाजी, आता बघाच तुम्ही!" तो म्हणाला.

बघत होतो. मदत म्हणजे काय, तर हा वर्गात मागे उभा राहून मान हलवायचा. इतिहासाच्या सरांना म्हणाला, "गुलामगिरीच्या धड्यात जरा झुलता ताल हवा." सर त्या दिवसापासून त्याच्या वाटेला गेले नाहीत.

गणिताच्या बाई मात्र भल्या. अपूर्णांक शिकवताना त्यांनी हात टेकले होते. चार ठोके म्हणजे एक पूर्ण, एक टाळी म्हणजे पाव, एवढं त्यांनी त्याच्याकडून उचललं आणि पोरांना खरोखर समजायला लागलं. पण साहेब येणार म्हटल्यावर याने प्रत्येक पोराला 'उत्स्फूर्त' टाळ्या नेमून दिल्या आणि आठवडाभर घोटून घेतल्या.

"अहो, त्यांना काही सुचू द्या ना," बाई म्हणाल्या.

"सुचलं आणि चुकलं तर? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, बाई!" वर्षभरात एवढं एकच वाक्य तो मनापासून बोलला.

पाठाच्या दिवशी साहेब शेवटच्या बाकावर बसले. मी खिडकीपाशी उभा. याने टाळ्या द्यायच्या, पोरांनी एकेक करून नेमलेलं उत्तर द्यायचं. साहेब डोलत होते. मग खिडकीशेजारच्या मुलीची पाळी आली. तिने एक टाळी दिली, एक ठोका मोकळा सोडला, दोन टाळ्या घाईघाईने दिल्या आणि शेवटी एक.

"पाव, रिकामा पाव, पावाचे दोन अर्धे आणि पाव," ती म्हणाली. "झाला एक पूर्ण!"

पोरं खूश होऊन हसली. बाईंचे डोळे चमकले. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाला तरी काही सुचलं होतं.

"चूक!" मेहुणा ओरडला. "तालमीत हे नव्हतं. तुझं ठरलेलं वाजव."

तिने ठरलेलं वाजवलं.

मला वाटलं, गेली नोकरी. पण साहेब उठले आणि म्हणाले, "शिस्त आवडली. सगळे कसे एका वळणाचे!" झाला कायम. मुख्याध्यापक धन्य झाले, आणि मला त्या दोघांचा आणि मेहुण्याचाही भयंकर संताप आला.

साहेब गेल्यावर ती मुलगी पुढे आली.

"सर, मग माझं कधी वाजवायचं?"

"पुढच्या वर्षी," मेहुणा प्रेमाने म्हणाला. "मी बसवून देईन तुला."