चतुर्थीचा फोन

दुकानातला माल संपतो, किस्से संपत नाहीत. राजुरात गणपतीच्या वाटेवर माझं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पातेलं घेऊन जातं आणि एखादी गोष्ट ठेवून जातं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे यंत्रांनी माणसाचं भलं झालं की नाही, यावर भाषण मला जमायचं नाही. पण मिक्सर, टेलिफोन, मोबाईल माझ्या डोळ्यांदेखत गावात आले. तेवढं सांगतो.

पहिला मिक्सर साहेबराव पाटलांनी नेला. "पाटा-वरवंट्यातून बाई सुटली बघा," म्हणत खुशीत गेले. महिन्यानं पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. मला वाटलं, मोटर जळाली.

"मशीन बिलकुल बराबर हाये शेठ. पण समद्या गल्लीची चटणी आता आमचीच बाई वाटून राह्यली. पाटा होता तव्हा निदान घरचीच वाटायची."

नव्वदच्या आसपास दुकानात टेलिफोन आला. धावड्याच्या शेवंतामावशींचा एकुलता एक मुलगा दत्ता सुरतेला मिलमध्ये होता. मावशी घरी एकट्या. दर संकष्टीला दर्शनाला यायच्या, म्हणून दत्तानं माझा नंबर घेतला आणि चतुर्थीला दुपारी बाराला फोन करायचं ठरवलं. तिकडे तो कॅलेंडरात चतुर्थी शोधायचा, इकडे मावशी साडेअकरापासून स्टुलावर बसायच्या. त्या एका फोनवर त्यांचा महिना निघायचा.

रिसीव्हर घेण्याआधी मावशी चपला काढायच्या आणि डोक्यावर पदर घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, मावशी, पोराला काय दिसतंय इथलं?

"पोराला न्हाई ओ. त्याचा सासरा तिथंच राहतो. उभा असंल बाजूला."

एका अंगारकीला गर्दी इतकी, की बारा वाजले तरी मावशी रांगेतच. फोन वाजला. मी दत्ताला थांबवून दारातून हाक मारली, ती रांगेतल्या माणसांनी पुढं पोचवली. मावशींचा नंबर अगदी गाभाऱ्याजवळ आलेला, तरी त्या रांग सोडून पळत आल्या. बोलणं झाल्यावर मी म्हटलं, दर्शन हुकलं की हो.

"गणपती कुठं चाल्लाय? पोरगा तीनच मिनिटं असतो."

मग मोबाईल आले. समोरच्या घरातले गुरुजी रिटायर झालेले, रोज माझ्या गादीवर बसून सांगायचे की विज्ञानानं जग जवळ आणलं. मोबाईल घेतल्यापासून ते बारा पावलं लांब, आपल्या ओट्यावरून मला फोन करतात. "शेठ, चहा सांगितला का? सांगितला असंल तर येतो."

दत्ता दिवाळीला आला आणि आईला मोबाईल देऊन गेला. पहिला महिना रोज फोन. मग आठवड्याला. मग दोन चतुर्थ्या कोरड्या गेल्या. मावशी स्टुलावर बसून म्हणाल्या, "आज बाराला करंल ना?"

मी समजूत घातली, आता फोन तुमच्याच हातात आहे, त्याला केव्हाही करता येतो.

"म्हनूनच करत न्हाई. आधी चतुर्थी चुकंल म्हनून भेत व्हता."

 मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला आणि बंद कसा करतात ते विचारलं. मी बटण दाबून दाखवलं. त्यांनी दोनदा स्वतः करून बघितलं, मग फोन पिशवीत टाकून गेल्या.

पुढच्या चतुर्थीला साडेअकरालाच स्टुलावर. पिशवीत प्रसादाचा नारळ, त्याखाली तो मोबाईल. बाराला दुकानातला फोन वाजला. कितीतरी दिवसांनी दत्ताचा आवाज, आणि तोही घाबरलेला.

"शेठ, चार दिवसांपासून लावून राह्यलो, आईचा मोबाईल लागतच न्हाई. आई बरी हाये ना? मोबाईल बिघडला काय?"

मी मावशींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी चांगल्या मालाला कधी खराब म्हटलं नव्हतं.

"आई बरी आहे, इथंच बसलीये," मी म्हणालो. "मोबाईल मात्र पार गेला. दुरुस्त होण्यातला नाही. पुढची चतुर्थी कधी आहे, बघून ठेव."

आणि रिसीव्हर पुढं केला. मावशींनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला.