जहाजमामांची काठी

आमच्या मंगळवार पेठेत समुद्र नाही, पण पाणी मोजल्याशिवाय पाऊल न टाकणारा एक माणूस होता. गल्लीत घोटाभर पाणी साचलं तरी जहाजमामा आधी काठी बुडवायचे. काठीवर लाल रंगाचे तीन पट्टे: गुडघा, कंबर, छाती. पोरंटोरं हसायची आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

पेठेत पैलवान आणि निवृत्त सुभेदार ढिगाने. नौदलात गेलेले मामा एकटेच. त्यांचं जहाज रणगाडे वाहणारं, सपाट तळाचं. ते थेट किनाऱ्याच्या वाळूवर चढायचं आणि पुढचा दरवाजा उघडला की रणगाडे खडखडत बाहेर. "दिसाय म्हशीगत, पर काम वाघाचं!" मामा सांगायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्याने काय काय नेलं, पुढे वादळात सापडलेल्या बेटांवर धान्य कसं पोचवलं, शेवटी भंगारात कसं गेलं, हा इतिहास चहा गार होईपर्यंत चालायचा. लढाईतला एक दिवस मात्र ते गाळायचे.

एका पावसाळ्यात मला कागलच्या एमआयडीसीत पहिली पाळी गाठायची होती. गल्लीत गुडघाभर पाणी. मी गाडी ढकलत निघालो, तर मामांनी मागून कॉलरच धरली.

"थांब की रं! मोजलंस का?"

"मामा, गल्ली हाय ही. समुद्र न्हाय," मी वैतागून म्हणालो.

मामा काठी टेकत पुढे गेले. चौथ्या पावलाला काठी छातीच्या पट्ट्याच्याही वर बुडाली. गटाराचं झाकण वाहून गेलं होतं.

माझी पाळी बुडाली. पायरीवर बसून मामांनी लढाईतला तो गाळलेला दिवस सांगितला.

"दरवाज्याम्होरं पाणी कमरेएवढंच हुतं. म्या मोजलं आन् जवानांस्नी म्हणलं, उतरा. चार पावलांवर वाळू सपली हुती, ते म्या मोजलंच न्हवतं. पाठीवर वझं घिऊन दोघं गेलं, ते गेलंच. माझ्या शब्दावर उतरलं हुतं रं."

या माणसाला मी इतकी वर्षं हसलो, याची लाज मला अजून वाटते.

गेल्या वर्षी मामा गेले. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गेलो. नदी गढूळ होती. त्यांचा मुलगा मडकं घेऊन पाण्यात उतरायला निघाला.

"थांब," मी म्हणालो.

मामांची काठी मी सोबत आणली होती. पायरीपाशी बुडवली: गुडघा. मग पुढे सरकत चार पावलांवर पुन्हा बुडवली: कंबर. त्याच्याही पुढे एकदा बुडवून पाहिली: कंबरच.

"उतर," मी म्हणालो. तो परत पायरीवर येईपर्यंत मी काठी रोवून पाण्यातच उभा राहिलो.